डेटा वापरून स्पष्ट लिहायला शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तक्ते, आलेख, सर्वेक्षणं आणि विश्लेषणाचे निष्कर्ष यांच्याबद्दल विद्यार्थ्यांकडून लिहून घेणाऱ्या शिक्षकांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. उदाहरणातलं ग्रंथालय काल्पनिक आहे आणि त्याचे आकडे सरावासाठी मुद्दाम जुळवलेले आहेत. बाकी जिथे साल आणि घटना दिली आहे, तिथे ती प्रत्यक्षातली आहे.

हे काम भाषेच्या शिक्षकांचं की गणिताच्या?

दोघांचं, आणि म्हणूनच ते बहुतेकदा कोणाच्याच वाट्याला येत नाही. गणिताच्या तासाला उत्तर आलं की काम संपतं. भाषेच्या तासाला आकड्यांचा उतारा क्वचितच समोर येतो. दोन आकडे हातात आल्यावर त्यांच्याबद्दल खरं आणि समजेल असं एक वाक्य कसं लिहायचं, हे शिकवायचं मधल्या मधे राहून जातं.

विद्यार्थ्याचं वाक्य गोंधळलेलं दिसलं की आपण व्याकरण सुधारायला घेतो. पण बहुतेक वेळा दुखणं भाषेचं नसतंच. कशाची तुलना कशाशी करायची हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नसतं, मग वाक्य कितीही घासलं तरी उजळत नाही. म्हणून लाल शाई वापरण्याआधी चार प्रश्न विचारा: कोणाबद्दल? कोणत्या काळातलं? कशाच्या तुलनेत? आणि किती जणांपैकी? चारही उत्तरं तोंडी नीट आली तर वाक्य पाच मिनिटांत सुधारतं. नाही आली, तर विद्यार्थ्याला पुन्हा तक्त्याकडे पाठवावं लागतं. लेखन आणि विश्लेषण वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवू नये असा आमचा आग्रह आहे, तो यासाठीच.

विद्यार्थ्यांना आधी किती गणित यायला हवं?

टक्केवारी, सरासरी आणि मध्यक (आकडे चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा आकडा) काढता आला की सुरुवात करता येते. सहसंबंध (दोन गोष्टी कितपत जोडीने बदलतात याचं माप) किंवा सांख्यिकी चाचण्या (दिसलेला फरक निव्वळ योगायोगाचा असू शकेल का, हे तपासण्याच्या पद्धती) यायची वाट पाहू नका. उलट त्या आधी शिकवल्या, तर विद्यार्थी सॉफ्टवेअरने दिलेला निकाल जसाच्या तसा वाक्यात चिकटवतात.

पहिल्या तासिकेला काय द्यावं?

लहान तक्ता: बारा ओळी, तीन रकाने. उदाहरणार्थ महिना, ग्रंथालयाचे सभासद आणि त्या महिन्यात वाचायला नेलेली पुस्तकं. हजार ओळींची फाइल पहिल्याच दिवशी दिली, तर सगळा वेळ फाइल उघडण्यात आणि रकाने समजून घेण्यात जातो. तयार आलेखही देऊ नका, कारण आलेख काढणाऱ्याने कुठे बघायचं ते आधीच ठरवून टाकलेलं असतं.

४५ मिनिटांची वाटणी अशी करता येईल:

१. पहिली १० मिनिटं फक्त वाचन. प्रत्येकाने तक्त्याला विचारता येतील असे तीन प्रश्न लिहायचे, उत्तरं नाहीत.
२. पुढची १० मिनिटं एक प्रश्न निवडून त्याला लागणारे आकडे वेगळे काढायचे. बहुतेक वेळा चार पुरतात.
३. मग १५ मिनिटांत एकच वाक्य लिहायचं. परिच्छेद नको.
४. शेवटची १० मिनिटं वह्यांची अदलाबदल. शेजाऱ्याने मूळ तक्ता झाकून ठेवायचा आणि केवळ ते वाक्य वाचून लहान तक्ता परत तयार करायचा.

चौथी पायरी कधीच गाळू नका. परत तयार केलेल्या तक्त्यात महिना नसेल, तर वाक्यात काळ नव्हता. रकान्याचं नाव लिहिता आलं नाही, तर वाक्यात एकक नव्हतं. उणीव कुठे आहे ते शिक्षकाने सांगण्यापेक्षा वाचकाच्या रिकाम्या चौकटीत दिसलेलं विद्यार्थ्याला लगेच पटतं.

“वरील आलेखावरून असे दिसून येते की लक्षणीय वाढ झाली आहे” याच्या पुढे विद्यार्थी जातच नाहीत. काय करावं?

हे वाक्य पाठ्यपुस्तकी वळणाचं आहे, आणि ते लिहिताना काहीच ठरवावं लागत नाही. ते पायरीपायरीने मोडून दाखवावं लागतं. समजा, आपल्या ग्रंथालयात जानेवारीत २०० सभासदांनी ४०० पुस्तकं नेली आणि जूनमध्ये ३२५ सभासदांनी ५२०.

आधी “आलेखावरून असे दिसून येते की” एवढा भाग खोडायला सांगा. वाक्याचा कर्ता आलेख नसावा, ज्याच्याबद्दल बोलायचं आहे ते असावं. मग “लक्षणीय” खोडून तिथे आकडे घालायचे: “जानेवारीत ४०० पुस्तकं नेली गेली, जूनमध्ये ५२०.” आता वाक्य खरं आहे, पण अजून कोरडं आहे. तिसऱ्या खर्ड्यात तुलना आणि छेद (म्हणजे किती जणांपैकी किंवा किती जणांमागे) आणा: “जानेवारी ते जून या काळात महिन्याला नेल्या जाणाऱ्या पुस्तकांची संख्या ४०० वरून ५२० वर गेली, म्हणजे ३० टक्क्यांनी वाढली. मात्र सभासद २०० वरून ३२५ झाल्याने दर सभासदामागे पुस्तकं २ वरून १.६ वर आली.”

आकडे तेच, चित्र मात्र उलटं झालं: एकूण वाचन वाढलं, माणशी वाचन घटलं. इथे हुशार विद्यार्थी लगेच लिहितात, “म्हणजे सभासदांची वाचनाची आवड कमी झाली.” त्यांना इथेच थांबवा. जुन्या २०० सभासदांनी जूनमध्येही ४००च पुस्तकं नेली असतील आणि नव्या १२५ जणांनी १२०, तरीही सरासरी १.६ येईल. एकाही जुन्या सभासदाने एकही पुस्तक कमी वाचलेलं नसताना सरासरी उतरू शकते, कारण गटात कोण आहे तेच बदललं. हा तक्ता दोन्ही शक्यतांना जागा देतो. म्हणून निष्कर्ष “दर सभासदामागे पुस्तकं घटली” इथपर्यंतच लिहायचा, आणि पुढचा प्रश्न नोंदवायचा: जुन्या आणि नव्या सभासदांचे आकडे वेगळे मिळतील का?

या एका उदाहरणावर दोन तासिका घालवल्या तरी जास्त नाहीत.

आकडे किती द्यावेत? दशांश किती ठेवावेत?

एका परिच्छेदात तीन-चार आकड्यांपलीकडे वाचक पोचत नाही. बाकीचे तक्त्यात ठेवा आणि मजकुरात वाक्याला आधार देणारे तेवढेच आणा.

दशांशांचं तंत्र छेदावरून ठरतं. वर्गातल्या ३८ पैकी १८ जणांनी होकार दिला, तर कॅलक्युलेटर ४७.३६८४ टक्के दाखवतो. पण ३८ जणांत एका माणसाचं वजनच २.६ टक्के आहे. एकाने मत बदललं की पूर्णांकच हलतो, तिथे दशांशानंतरचे अंक काही सांगत नाहीत. आम्ही विद्यार्थ्यांना साधा नियम देतो: छेद ३० च्या आसपास किंवा कमी असेल तर “३८ पैकी १८” असंच लिहा. शेकड्यात असेल तर पूर्ण टक्के, हजारांत असेल तर गरज पडल्यास एक दशांश. पूर्णांकात आणलेल्या टक्क्यांची बेरीज कधी ९९ तर कधी १०१ येते. ती जुळवण्यासाठी एखादा आकडा गुपचूप बदलू नये, तक्त्याखाली तशी टीप द्यावी.

आणखी एक नेहमीची चूक मोठ्या संख्यांची. आंतरराष्ट्रीय तक्ते मिलियन आणि बिलियनमध्ये असतात: १ मिलियन म्हणजे १० लाख, १ बिलियन म्हणजे १०० कोटी. मजकूर लाख-कोटीत आणि आलेखाचा अक्ष मिलियनमध्ये असं मिश्रण ठेवलं की एखादं शून्य इकडचं तिकडे होतंच. आधी एकक ठरवायचं आणि ते शेवटपर्यंत पाळायचं.

टक्क्यांमध्ये नेमकं काय चुकतं?

सर्वाधिक चुका इथेच होतात. उपस्थिती ४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर गेली, तर “१० टक्क्यांनी वाढली” म्हणायचं की “२५ टक्क्यांनी”? फरक दहाचा आहे, पण मूळ चाळीसच्या मानाने वाढ पंचवीस टक्के आहे. वाचकाला कोड्यात टाकण्यापेक्षा दोन्ही टोकं लिहावीत: “४० टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर.”

दुसरी चूक पाया बदलण्याची. २०० चे १०० झाले ही ५० टक्के घट. मग ५० टक्के वाढ झाली तर १५० होतात, २०० नव्हे. “तीनपटीने वाढले” हेही टाळा, कारण कोणी ते मूळच्या तिप्पट समजतं तर कोणी चौपट. “तिप्पट झाले” लिहिलं की वाद मिटतो.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडते: सापेक्ष वाढ सांगायची आणि मूळ प्रमाण गाळायचं. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये औषध-सुरक्षा समितीने इशारा दिला की, काही नव्या प्रकारच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताच्या गुठळीचा धोका जवळपास दुप्पट होतो. तो धोका साधारण ७,००० मध्ये १ वरून ७,००० मध्ये २ वर जात होता. “दुप्पट” हा शब्द खोटा नव्हता, पण तेवढाच पुढे गेला. घाबरून अनेक स्त्रियांनी गोळ्या थांबवल्या आणि पुढच्या वर्षी गर्भपातांची संख्या वाढली. विद्यार्थ्यांना दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी लिहायला लावा: एक “दुप्पट”चं, एक “७,००० मध्ये”चं. मग विचारा, निर्णय घ्यायला कोणतं वाक्य लागेल?

सरासरी लिहावी की मध्यक?

आकडे एका बाजूला ओढले गेले असतील तर मध्यक. पाच जणांनी १, १, २, २ आणि २४ पुस्तकं वाचली, तर सरासरी ६ येते, पण सहा पुस्तकं वाचणारा त्यांत कोणीच नाही. मध्यक २ आहे. “सामान्य वाचक सहा पुस्तकं वाचतो” असं वाक्य दिसलं की मूळ यादी मागा.

आलेखाबद्दल काय शिकवावं?

आलेखाचं शीर्षक हे निष्कर्षाचं वाक्य असावं. “महिनावार पुस्तकं” हे नाव झालं, “एकूण पुस्तकं वाढली, माणशी पुस्तकं घटली” हे शीर्षक. विद्यार्थ्याला असं शीर्षक सुचत नसेल, तर बहुधा तो आलेख काढण्याची गरजच नव्हती.

स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू झाला पाहिजे, कारण डोळा स्तंभाची उंची वाचतो. ४०० आणि ५२० चे स्तंभ ३८० पासून काढले तर दुसरा पहिल्याच्या सातपट उंच दिसेल. रेषालेखात उतार वाचला जातो, तिथे ही सक्ती नाही, मात्र अक्ष कुठून सुरू होतो ते स्पष्ट हवं. वृत्तालेख शक्यतो टाळा. क्लीव्हलंड आणि मॅकगिल या संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांनी एकाच मापपट्टीवरच्या जागा सर्वांत अचूक ओळखल्या, कोनांच्या बाबतीत जास्त चुका केल्या. लाल-हिरव्या जोडीवर फरक सोपवू नका, कारण रंगांधळेपणात तीच जोडी सर्वाधिक गोंधळ करते. रेषेच्या टोकाला तिचं नाव लिहिलं की वेगळी रंगसूचीही लागत नाही.

आकडेवारीचा सारांश आलेखाची जागा घेऊ शकत नाही, हे दाखवायला संख्याशास्त्रज्ञ अँस्कम यांचे १९७३ चे आकड्यांचे चार संच वर्गात जरूर काढायला लावा. प्रत्येकात ११ बिंदू, चारही संचांची सरासरी जवळपास सारखी, सहसंबंध सुमारे ०.८२. कागदावर काढले की एक साधा तिरपा पुंजका, एक वक्र, एक सरळ रेषा पण एक बिंदू भरकटलेला, आणि एकात तर जवळजवळ सगळे बिंदू एकाच उभ्या रेषेवर.

आणि आलेखात काय नाही, हे विचारायला शिकवा. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उड्डाणानंतर कोसळलं आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. थंडीत रॉकेटच्या सांध्यांमधली रबरी वलयं निकामी होतील अशी भीती अभियंत्यांनी आदल्या रात्री मांडली होती, पण ती पटवता आली नाही. आधीच्या उड्डाणांपैकी केवळ वलयांना इजा झालेली उड्डाणं तापमानासह मांडली, तर दोहोंचा संबंध ठळक दिसत नाही. इजा न झालेली उड्डाणंही त्याच आलेखात घातली की चित्र पालटतं: ६५ अंश फॅरनहाइटखालच्या चारही उड्डाणांत इजा होती, त्यावरच्या बहुसंख्य उड्डाणांत नव्हती. चौकशी आयोगाने नेमका हाच मुद्दा नोंदवला. “जिथे काही घडलं नाही” त्या ओळीही डेटाच असतात, आणि विद्यार्थी त्याच आधी खोडतात.

सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे, हे सांगूनही विद्यार्थी तेच लिहितात. का?

कारण नियम पाठ असतो, पण चूक “मुळे” या छोट्या शब्दातून आत येते. “मोबाइलच्या वापरामुळे गुण कमी झाले” हे लिहिताना कोणालाही आपण कारण सांगतोय असं वाटत नाही. म्हणून खर्डा झाल्यावर “मुळे”, “म्हणून”, “परिणामी”, “झाल्याने” या शब्दांना गोल करायला लावा आणि प्रत्येक गोलाशेजारी पुरावा मागा. (ग्रंथालयाच्या वाक्यातला “झाल्याने” टिकतो, कारण तिथे निव्वळ भागाकार आहे.) पुरावा नसेल तिथे “मोबाइल जास्त वापरणाऱ्यांचे गुण सरासरीने कमी होते” असं लिहायचं. वाक्य मवाळ वाटतं, पण ते तक्त्याशी प्रामाणिक आहे.

वरच्या वर्गांसाठी बर्कलीचं उदाहरण उत्तम आहे. १९७३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या पदव्युत्तर प्रवेशांत अर्जदार पुरुषांपैकी सुमारे ४४ टक्के आणि स्त्रियांपैकी सुमारे ३५ टक्के निवडले गेले. विभागवार पाहिल्यावर स्त्रियांविरुद्धचा तो कल टिकला नाही, कारण जिथे प्रवेश मिळणंच अवघड होतं अशा विभागांत स्त्रियांचे अर्ज जास्त होते. विद्यार्थ्यांना आधी एकूण आकड्यांवर परिच्छेद लिहायला द्या, मग विभागवार तक्ता द्या आणि तोच परिच्छेद पुन्हा लिहायला सांगा.

“लक्षणीय” हा शब्द वापरू द्यावा का?

सांख्यिकी चाचणी केली असेल आणि तसं लिहिलं असेल तरच. आणि तेव्हाही फरक केवढा ते सांगायचंच. नमुना खूप मोठा असेल तर नगण्य फरकही चाचणीत “लक्षणीय” ठरतो. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये काढलेल्या निवेदनात स्पष्ट म्हटलं आहे की, पी-मूल्य (प्रत्यक्षात फरक नसतानाही इतका किंवा याहून मोठा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) परिणामाचा आकार किंवा महत्त्व मोजत नाही.

सर्वेक्षणांतही हीच काळजी हवी. यादृच्छिक निवडलेल्या सुमारे १,००० जणांच्या नमुन्यात त्रुटीची मर्यादा (नमुन्याचा निकाल खऱ्या आकड्यापासून किती दूर असू शकतो ते) ९५ टक्के विश्वासपातळीवर साधारण तीन टक्के इकडे-तिकडे असते. ४६ विरुद्ध ४४ असा निकाल आला तर “पुढे आहे” न लिहिता “जवळपास बरोबरीत” लिहावं.

मर्यादा कुठे आणि कशा लिहायच्या?

ज्या दाव्याला मर्यादा आहे, त्याच्या शेजारी. शेवटी “नमुना लहान होता, वेळ अपुरा होता” अशी यादी दिली की ती कोणी वाचत नाही, आणि ती कुठल्याही प्रकल्पाला चिकटवता येते. मर्यादेने निष्कर्ष कोणत्या बाजूला झुकतो ते सांगायला लावा: “प्रश्नावली ग्रंथालयातच वाटली, त्यामुळे न वाचणारे सुटले. प्रत्यक्षातली सरासरी यापेक्षा कमी असण्याची शक्यता आहे.”

एआयकडून सारांश लिहून घेतला तर चालेल का?

पहिला खर्डा हातानेच हवा. कोणती तुलना करायची हा निर्णय घेणं हेच शिकायचं आहे, तोच दुसऱ्याला दिला तर उरतं फक्त शुद्धलेखन. मात्र एआयने लिहिलेला परिच्छेद तपासायला देणं हा उत्तम सराव आहे. प्रत्येक आकडा अधोरेखित करायचा आणि तो तक्त्यातल्या कोणत्या ओळीतून, कोणत्या रकान्यातून आला ते समासात लिहायचं. जागा सापडली नाही, तर आकडा बाद. मग तक्त्यात नसलेली कारणं शोधायची. असा मजकूर ओघवता असतो, म्हणून त्यात न विचारता घुसलेलं “मुळे” सहज नजरेतून सुटतं.

वाचनसुलभता मोजणारी साधनं मराठीला वापरावीत का?

इंग्रजीसाठीची सूत्रं तशीच वापरू नका. मजकूर वाचायला किती सोपा ते मोजणारं फ्लेश यांचं १९४८ चं सूत्र वाक्यातले शब्द आणि शब्दातले उच्चारी अवयव (सिलेबल) यांच्या इंग्रजी प्रमाणांवर बसवलेलं आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच जोडली जातात. “ग्रंथालयाबाहेरसुद्धा” हा एक शब्द मोजला जातो, त्यामुळे निकालाला अर्थ उरत नाही.

त्यापेक्षा विद्यार्थ्यांनी स्वतःचाच मजकूर मोजावा: प्रत्येक वाक्यातले शब्द, “करण्यात आले”सारखी कर्ता लपवणारी क्रियापदं आणि एकक नसलेले आकडे. पहिला आणि तिसरा खर्डा यांचे आकडे शेजारी मांडून दोन वाक्यं लिहायची. वाक्य लहान झालं म्हणजे स्पष्ट झालं असं मात्र गृहीत धरू नका. तुकडे केलेल्या वाक्यांत तुलना हरवलेली असू शकते.

तपासताना गुण कसे द्यावेत?

२० पैकी ८ गुण आकडा, एकक आणि छेद बरोबर असण्याला, ६ तुलना आणि निष्कर्ष यांच्या मेळाला, ४ भाषेला, २ आलेखाला. भाषेला याहून जास्त वजन दिलं की सफाईदार पण चुकीचे निबंध वर येतात. एकाच परिच्छेदाचे तीन खर्डे हे तीन वेगळ्या विषयांवरच्या तीन निबंधांपेक्षा जास्त शिकवतात. वेळ कमी असेल तर विषय कमी करा.

डेटा कुठून आणायचा?

जागतिक बँकेचं खुलं डेटाभांडार आणि “अवर वर्ल्ड इन डेटा” हे संकेतस्थळ यांवरून तक्ते मोफत उतरवता येतात. उतरवल्याची तारीख आणि रकान्याची अधिकृत व्याख्या पहिल्या ओळीतच नोंदवून ठेवायला लावा, कारण असे तक्ते नंतर सुधारले जातात. वर्गातच सर्वेक्षण केलं, तर नावं, हजेरी क्रमांक आणि गुण एकत्र ठेवू नका. पाचपेक्षा कमी जणांचा गट तक्त्यात वेगळा दाखवू नका, तो शेजारच्या गटात मिळवा. तीन जणांच्या गटाची सरासरी छापली, तर त्यांतल्या कोणालाही उरलेल्या दोघांच्या उत्तरांची बेरीज काढता येते.